उलाळ गाडी

मायणी मागं पडली तेव्हापासून वीरधवल रडत होता. त्याच्या रडण्याचे प्रकार आता मला कळतात. हे भुकेचं होतं. आधी कुरकुर, मग मुठी तोंडात, मग क्षणभर गप्प आणि नंतर एकदम वरचा सूर. त्या सुरासरशी माझा पान्हा फुटला आणि ब्लाउज ओला झाला. मी पदर ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडीत आम्ही सहा जीव. बिरदेव, माझा नवरा, गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी मामा, म्हणजे माझे सासरे, कोंडीबा. मागच्या सीटवर सासूबाई, मध्ये चार वर्षांची बानू, कडेला मी आणि मांडीवर वीरधवल. मामांना मागं वळून बोलायची सवय. रस्त्यात काही दिसलं की ते अख्खे वळतात. "ह्या माळाला आमची मेंढरं बसली हुती," "हितं लांडग्यानं कोकरू नेलं हुतं," असं. हातभर अंतरावर सासरा वळून वळून बोलतोय आणि आपण बाळाला अंगावर घ्यायचं, हे आमच्यात कुणी केलेलं नाही. करू नको असंही कुणी म्हटलेलं नाही. पण माझा हात हुकापर्यंत गेला की आपोआप परत यायचा.

"का रडतुया ढवळ्या?" मामा म्हणाले. वीरधवल हे नाव बिरदेवनं ठेवलं, राजासारखं असावं म्हणून. घरात त्याचं दोन दिवसांत ढवळ्या झालं. दावणीच्या बैलाला हाक मारल्यासारखं वाटतं मला ते, पण तो त्याच हाकेला हसतो.

"भूक लागलीया त्येला," सासूबाई म्हणाल्या. "विट्यात थांबू या."

आम्ही साताऱ्याहून आरेवाडीला निघालो होतो, बिरोबाला, वीरधवलचं जावळ काढायला. जावळ काढताना बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, म्हणून माझा भाऊ आकारामदादा जतहून पहाटेच तिथं येऊन बसला होता. बारा वाजायच्या आत जावळ निघायला हवं असं भगतानं सांगितलेलं. आणि आमच्या गाडीमागं कॅम्पर होता.

कॅम्पर म्हणजे चाकांवरची एक खोली. साताऱ्यात एमआयडीसीतल्या ज्या शेडमध्ये बिरदेव वेल्डिंग करतो, तिथंच सुट्टीच्या दिवशी त्यानं आणि त्याचा मित्र मानसिंगनं मिळून ती बनवली. मधोमध दोन चाकं, मागच्या भिंतीला आडवी गादी, कडेला शेगडीचा ओटा, पुढच्या बाजूला सामानाची पेटी आणि पेटीच्या वर काचेची खिडकी. आमच्या गल्लीत सगळे तिला आइस्क्रीमचा गाडा म्हणतात. बिरदेव हसून सोडून देतो. मला त्यानं वडिलांबद्दल एकदाच सांगितलं होतं, "आबांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं उघड्यावर गेलं. जत्रंत तरी म्हातारा छपराखाली निजंल." त्यानंतर मी त्या गाड्याला हसले नाही.

ज्या दिवशी कॅम्पर पहिल्यांदा आमच्या छोट्या एसयूव्हीला जोडला, त्या दिवशी मानसिंग बिरदेवला समजावून सांगत होता. "चाकांच्या फुडं वजन जरा जास्त ठेव. हुकावर दाब पायजे. मागं वजन गेलं की हे शेपूट हानतंय. आन चालत्यात कुणाला आत बशीवू नगं, येड्या." मी तिथंच उभी होते, कडेवर बाळ घेऊन. मला कुणी सांगत नव्हतं. पण ऐकायला कुणाची परवानगी लागत नाही.

विट्यात चहाच्या टपरीजवळ गाडी थांबली. टपरीवर सगळे बाप्ये. बाकड्यावर, मोटरसायकलींवर, झाडाखाली, सगळीकडं. मी गाडीतच पदराआड बाळाला घेतलं, पण शेजारी ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो दचकून सुटला तो परत धरेना. मान फिरवून फिरवून रडायला लागला. एक जण वाकून काचेतून बघायला लागला, काय झालं म्हणून. चांगल्या मनानंच बघत असेल. मी हूक लावून टाकला.

मामा मात्र गाडीभोवती फिरत होते. हात मागं बांधून, जनावराच्या बाजारात फिरतात तसे.

"बिऱ्या, हिकडं ये. बग. गाडी मागनं बसलीया. सगळा भार मानंवर आलाय."

"आबा, जरा फुडं जडच लागती ती," बिरदेव म्हणाला. "मानसिंगनं सांगितलंय."

"मानसिंगानं किती बैलं राखली?"

"त्येनं कशाला बैलं राखायची."

"मग. ऐक माझं. ही तुझी मोटार म्हंजी बैलं. हे हुक म्हंजी जू. ही दांडी. आता फुडं उतार हाय का न्हाई? उताराला सगळं वजन फुडं येतंय आन जनावराची मान दबती. चढाला फुडं सारायचं, उताराला मागं सारायचं. कडब्याच्या गाड्या भरण्यात जल्म गेला माझा. गाडी धुरजड करून कुणी घाट उतरतंय व्हय?"

बैलगाडीत वजन पुढं गेलं की ती धुरजड आणि मागं गेलं की उलाळ, हे शब्द मला माहेरापासून ठाऊक. माझ्या आईनं ताटात सगळी भाजी एका कडेला वाढली की वडील म्हणायचे, ताट उलाळ झालंय. मामांची रीतही खोटी नव्हती. बैल असते तर त्यांचंच खरं होतं.

बिरदेवनं मागं जाऊन वाकून पाहिलं. एसयूव्हीचं मागचं अंग खरंच खाली दबलं होतं आणि नाक वर गेलं होतं. बघणाऱ्याला दया यावी अशी ती दिसत होती. तो मामांकडं बघून म्हणाला, "बरं," आणि कॅम्परचं दार उघडलं. पुढच्या पेटीतलं तांदळाचं पोतं, गुळाची ढेप, पाण्याचे दोन जार, जेवणावळीचं मोठं पातेलं, सगळं त्या दोघांनी उचलून मागं गादीखाली सारलं. गाडीचं मागचं अंग वर आलं. मामांनी डिकीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. "आता बग कशी मोकळी झाली."

एवढ्यात आकारामदादाचा फोन. बिरदेवनं घेतला. "व्हय, विट्यात हाय. येतुय की. बारा न्हाई वाजत."

मी म्हटलं, "आवं, घटकाभर हितंच कुटंतरी बाजूला थांबू या का? पोर पिऊन झोपलं की निगू."

"थांबत थांबत कवा पोचायचं?" मामा म्हणाले. मला नव्हे, बिरदेवला. माझ्याशी ते सरळ बोलतात ते फक्त पाणी मागताना.

सासूबाई मघापासून बाळाला खांद्यावर घेऊन फिरत होत्या. त्या थांबल्या. "राणे, तू मागच्या खोलीत जा की. गादी हाय, पडदं हायती. कुणी बगत न्हाई, काय न्हाई. निवांत पाज त्येला. तूबी जरा आडवी हो. रातभर झोपली न्हाईस."

ही त्यांची माया होती. सून रात्रभर जागी होती हे त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

मी बिरदेवकडं पाहिलं. त्यानं हुकाकडं पाहिलं. "चालत्या गाडीत आत बसू नये म्हणत्यात," तो इतक्या हळू म्हणाला की ते फक्त मला ऐकू यावं.

"मग तुमी सांगा की," मी म्हटलं.

"घाट उतरला की थांबतो. लांब न्हाई. हळूच नेतो मी."

बानूला माझा फोन दिलेला होता, कार्टून बघायला. तो मागितला तर तिचं रडणं सुरू झालं असतं. दोन रडणी नकोत म्हणून मी फोन तिच्याकडंच राहू दिला आणि बाळाला घेऊन आत चढले.

"दाराला गचके बसत्यात," बिरदेव म्हणाला. "मदीच उगडंल. भायनं कडी लावतो. भिऊ नगं."

बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. कॅम्परच्या दाराला आतून कडी उघडायची सोय नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

खोटं कशाला सांगू, पहिला थोडा वेळ फार छान गेला. गाडी सपाट रस्त्यावर होती. खोली हळूहळू डुलत होती. निळ्या पडद्यातून निळा उजेड आत येत होता. मी गादीवर भिंतीला टेकून बसले, बाळाला घेतलं आणि त्यानं असा काही घट्ट धरलं की माझ्या तळपायापर्यंत कळ गेली. मग ती कळही गेली. त्याचा एक हात माझ्या मंगळसूत्राशी खेळत होता. त्याच्या कपाळावर जावळ घामानं चिकटलं होतं. दुपारनंतर हे नसेल, म्हणून मी ते बोटानं मागं सारत होते, परत पुढं आणत होते. कुणी हाक मारत नव्हतं. कुणाला चहा हवा नव्हता. सातारच्या घरात एक स्वयंपाकघर आणि एक खोली. तिथं मी बाळंतपणापासून एकटी अशी कधी बसलेच नव्हते. मला वाटलं, ही खोली चालतच राहावी.

तो प्यायला आणि झोपला. त्याला खाली ठेवू की नको असा विचार करत मी उठायला गेले, तेव्हा जमीन पायाखालून डावीकडं गेली.

मी परत गादीवर बसले. जमीन उजवीकडं आली. ओट्यावरचं पेल्यांचं शिंकाळं एका बाजूला लोंबकळलं आणि मग दुसऱ्या. मला वाटलं वळण असेल. पण वळण एका बाजूला असतं. हे दोन्ही बाजूंना होतं, आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त.

पुढच्या काचेतून आमची एसयूव्ही दिसत होती. खानापूरच्या पुढं पठार संपतं आणि रस्ता खाली उतरायला लागतो, तिथं आम्ही आलो होतो. एसयूव्ही काचेत डावीकडं सरकली, इतकी की तिच्या बाजूला मोकळी दरी दिसली. मग ती परत आली आणि उजवीकडं गेली, तेव्हा डोंगराचा कातळ दिसला. ती सरकत नव्हती. मी सरकत होते.

मी "आवं" म्हणून ओरडले. माझाच आवाज पत्र्यावर आपटून माझ्याकडं आला. बाळ जागं झालं. मी दारावर धपाधप मारलं. मग हँडल धरून ओढलं, ढकललं. कडी बाहेर होती. खिडकी जाळीची होती, तिच्यातून फक्त बोटं जात होती. फोन बानूकडं.

बानू. ती मला दिसली. एसयूव्हीच्या मागच्या काचेतून, सीटवर गुडघ्यांवर उभी राहून ती कॅम्परकडं बघत होती. बाळाला एका हातानं छातीशी धरून मी काचेजवळ गेले आणि दुसरा हात हलवला. थांबवा, थांबवा. तिनं मला पाहिलं, तिचा चेहरा फुलला, आणि तिनं मला टाटा केला.

मी परत हात हलवला. तिनं दोन्ही हातांनी टाटा केला.

तेवढ्यात पुढचे लाल दिवे लागले. बिरदेवनं ब्रेक दाबला होता. मला वाटलं, सुटलो. पण ब्रेक लागताच मागच्या भिंतीनं असा हिसका दिला की मी काचेपासून थेट ओट्यावर आदळले. कोपराला लागलं. बाळाचं डोकं मी छातीशी दाबून धरलं होतं, ते सुटलं नाही. शेगडी खाली पडली. एका बाजूची चाकं रस्त्यावरून उचलली गेली असावीत, कारण एक क्षणभर खालचा आवाज निम्मा झाला.

त्या क्षणी मला फार स्वच्छ दिसलं की ही खोली आता उलटणार आणि दरीच्या बाजूला उलटणार. माझं काय व्हायचं ते होवो. पण हा आठ-नऊ किलोचा ऊबदार जीव, ज्याच्या तोंडाला अजून दूध लागलेलं आहे, याला मी माझ्या पायानं चालत येऊन या डब्यात घातलं होतं. पदर सांभाळायला.

गादीखालून तांदळाचं पोतं सुटून अर्धं बाहेर आलं होतं, आणि मागची भिंत प्रत्येक हिसक्याला सगळ्यात जास्त फिरत होती. मागची. जिथं पोतं होतं, जार होते, ढेप होती, आणि इतका वेळ मी होते. मागं वजन गेलं की शेपूट हानतंय. गाडी उलाळ झाली होती.

खुंटीवरचा मोठा टॉवेल मी ओढला. बाळाला पोटाशी धरून टॉवेलचे दोन वेढे घातले आणि पाठीमागं गाठ मारली. आमच्या बायका मेंढरांमागं चालताना बांधायच्या तसं, सासूबाईंनी एकदा दाखवलं होतं. मग मी गुडघ्यांवर आले. पाण्याचा एक जार माझ्याकडं गडगडत आलाच होता. तो मी दोन्ही हातांनी पुढं ढकलला, पेटीपर्यंत, आणि पायानं तिथं दाबून धरला. मग परत मागं. दुसरा जार. मग पोतं. पोतं हलेना. एरवी तांदळाचं पोतं मी एकटीनं कधी उचललेलं नाही. मी त्याचे कान धरले आणि जमीन पुढच्या बाजूला कलंडायची वाट बघितली. उतारच होता. गाडी खाली झुकली की पोतं वीतभर सरकायचं. मी झुकण्याबरोबर ओढायचे आणि हिसक्याबरोबर थांबायचे. बाळ माझ्या पोटावर रडत होतं. त्याचं रडणं माझ्या बरगड्यांत ऐकू येत होतं. मी त्याला काहीतरी सांगत होते. काय ते आठवत नाही. बहुतेक ढवळ्या, ढवळ्या असंच म्हणत होते.

पोतं चाकांच्या पुढं आलं. ढेप आणली. मग पेटीला पाठ लावून मी त्या सगळ्या सामानावर बसले, माझं स्वतःचं वजनही पुढं घालून, आणि बाळाभोवती हात बांधले.

पुढचे लाल दिवे विझले. इंजिनचा आवाजही उतरला. हिसके एकदम थांबले नाहीत. एक मोठा आला, मग त्याहून थोडा लहान, मग नुसता डोल. मग चाकांखाली खडी वाजली आणि खोली उभी राहिली.

बाहेर दारं उघडली. पावलं पळत आली. कडी वाजली. परत वाजली. दार उघडेना.

"राणी," बिरदेवचा आवाज. "राणी, बोल की."

"हाय मी. बाळ बरं हाय."

"कडी गुतलीया. दार वाकलंय. थांब."

थांब म्हणाला. मी आणखी कुठं जाणार होते. तो कडीशी झटत होता. मामा म्हणत होते, "दगुड घे, दगुड." सासूबाईंचा आवाज जाळीजवळ आला. त्यांनी जाळीला बोटं लावली होती. मी आतून माझी लावली. दगडाचे घाव बसत होते आणि त्या प्रत्येक घावाला बाळ दचकत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मला त्या सगळ्या हिसक्यांपेक्षा ही वाट बघणं जड गेलं. हलणारी खोली थांबली होती आणि तरी मी आतच होते.

कडी तुटली. उजेड आत आला. बिरदेवचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं बाळाला घ्यायला हात पुढं केले. मी दिलं नाही. मी स्वतः उतरले.

बानू पळत आली. "आई, तू किती नाचत होतीस गं."

"म्हनूनच समजलं," सासूबाई म्हणाल्या. त्या बिरदेवकडं नाही, मामांकडं बघत होत्या. "पोर म्हनली आई नाचतीया. मी वळून बगितलं. ही कसली नाचतीया, ही मरतीया आत. आन तुमी कासरा वढ, कासरा वढ म्हनून वरडत हुतासा. ह्या गाडीला कासरा कुटं असतोय?"

"जनावर उधळलं की कासरा वढायचा असतोय," मामा हळू म्हणाले.

"वढला की त्येनं. बगितलं काय झालं."

"ब्रेक मारला आन जास्तच हालली," बिरदेव म्हणाला. "मग आई म्हनली पाय काड. पाय काडला तवा जरा सरळ झाली."

"पायानं न्हाई नुसती," मी म्हटलं.

सगळ्यांनी दारातून आत पाहिलं. पोतं, जार, ढेप, सगळं पुढं पेटीशी रचलेलं. मागं गादी उघडी पडलेली. मग मामांनी पायरीवर पाय ठेवला, आत गेले आणि पुढं आलेलं पोतं आणखी वीतभर पुढं सारून, हातानं थोपटून, नीट बसवलं. मोठं पातेलं मागं राहिलं होतं. तेही त्यांनी उचलून पुढं आणलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीला तांदळाची भुकटी लागलेली होती.

"मागं सारायचं, ही बैलाची रीत," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. "हिला बैलच न्हाईत."

"हिला मान न्हाई, मामा," मी म्हटलं. "हिला शेपटीच हाय नुसती."

एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते माझ्याकडं बघत होते, वळून नव्हे, समोरून.

फोन वाजला. आकारामदादा. बानूनं माझ्या फोनवर त्याचा फोटो बघून तो माझ्याकडं आणला. बिरदेवनं घड्याळात बघितलं. बारा वाजायला फार वेळ नव्हता. अजून निम्मा उतार बाकी होता आणि कॅम्परचं दार आता दोरीनं बांधावं लागणार होतं.

"राणी, बस गाडीत," बिरदेव म्हणाला. "जाऊया का? जमंल का तुला?"

बाळ परत रडायला लागलं होतं. घाबरून प्यायलेलं सगळं त्यानं माझ्या खांद्यावर ओकलं होतं, आणि आता तोंड उघडून छातीशी शोधत होतं. माझे गुडघे सोलले होते. मला रडू येत होतं, पण ते मी पुढं ढकललं, कारण आधी बोलायचं होतं.

"आत आता कुणी बसायचं न्हाई," मी म्हटलं. "तुमी न्हाई, मी न्हाई. आन ह्यो पिऊन झोपल्याबिगर गाडी हलायची न्हाई. हितनंबी न्हाई आन फुडंबी न्हाई. बारा वाजूद्यात न्हाईतर चार."

"भगत काय म्हनंल..." मामांनी सुरुवात केली.

"भगताला पान्हा फुटतोय का?" सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या हातातून फोन घेऊन त्यांनीच दादाला सांगितलं, "येतुय रं बाबा. पोरगं पितंय. देव काय पळून जात न्हाई, तूबी जाऊ नगंस." आणि फोन बंद करून त्या मामांकडं वळल्या. "आवं, तुमची पिशवी काडा त्या फुडच्या शिटवरनं. तितं बसूद्या तिला. मागं माजं गुडघं, पोरगी, पिशव्या, तिनं पाजायचं कुटं?"

"मी कुटं बसू?"

"माज्या शेजारी बसा. चाळीस वर्सं झाली लगनाला. आता काय लाजता?"

बिरदेवला हसू आलं. ते त्यानं तोंडावर हात फिरवून दाबलं. मामांनी पुढच्या सीटवरची आपली पिशवी काढली, घोंगडं काढलं, आणि रस्त्याच्या कडेला एका दगडावर जाऊन बसले. आमच्याकडं पाठ करून, दरीकडं तोंड करून. थोड्या वेळानं बिरदेवही त्यांच्या शेजारी जाऊन बसला. सासूबाईंनी बानूला घोंगड्यावर बसवून शेंगदाण्याचा लाडू दिला.

मी पुढच्या सीटवर बसले. ती मागं ढकलली की पाय लांब करता येतात, हे मला माहीत नव्हतं. दार मी उघडं ठेवलं. वारा येत होता. मी पदर सोडला, हूक काढला आणि वीरधवलला घेतलं. त्यानं दोनदा धरलं, दोनदा सोडलं, माझ्याकडं रागानं बघितलं आणि मग लागला. त्याचे हुंदके अजून थांबले नव्हते. पिता पिता मधेच एक हुंदका यायचा, दूध गालावर सांडायचं, आणि तो घाईनं परत धरायचा. मी त्याचे पाय मोजल्यासारखे दाबून बघितले, हात बघितले, मान बघितली. सगळं जागच्या जागी होतं. मग माझं रडू आलं, आणि ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

खालून एक टँकर घाट चढत आला. ड्रायव्हरनं वेग कमी करून विचारलं, "काय झालं? काय मदत पायजे का?"

"काय न्हाई," मामा दगडावरूनच म्हणाले. "सून पोराला पाजतीया. जावा तुमी."

टँकर गेला. धूळ खाली बसली. मामा आणि बिरदेव काहीतरी हळू बोलत होते. मामांचे हात हवेत दांडी दाखवत होते, जू दाखवत होते, मग त्यांनी जू पुसून टाकल्यासारखा हात हलवला आणि बिरदेवला काहीतरी विचारलं. बिरदेव खाली मुरुमावर काडीनं आकृती काढायला लागला. मामा वाकून बघत होते.

सासूबाई एकदा माझ्याकडं बघून गेल्या. घड्याळाकडं कुणी बघितलं नाही.

हुंदके थांबले. गिळायचा आवाज थांबला. त्याचे ओठ सुटले, हात मंगळसूत्रावरून घसरून माझ्या पोटावर पडला, आणि त्याचा श्वास लांब झाला. बाळ झोपलं होतं. मी पदर होता तसाच राहू दिला.